ह्यो नगं, गुरुजी

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. दर रविवारी इंदापूरहून भिगवणला मासळी घ्यायला जायचो, तेव्हा ओठांत विडी धरून तो मासळीवालाच मला मासा निवडून द्यायचा. कल्ले उचलून दाखवायचा आणि म्हणायचा, "लाल हायती, गुरुजी. डोळं झाकून न्या."

खोकला हटेना, तेव्हा बारामतीच्या डॉक्टरांनी त्याला विडी सोडायच्या गोळ्या लिहून दिल्या. पहिला आठवडा गोळीसोबत विडीही चालणार होती. त्यावरून बाकीचे मासळीवाले त्याची टर उडवायचे. तो एवढंच म्हणायचा, "बुधवारपास्नं बंद." बुधवारी त्यानं खरंच बंद केली.

महिन्याभरानं एका कटला माशाचे कल्ले बघून तो पिशवीत टाकताना थबकला. मासा नाकाशी नेला.

"ह्यो नगं, गुरुजी. वास मारतोय." मग हळूच म्हणाला, "कल्लं तर लालच हायती. असं किती दिलं आसतील मी तुमाला?"

मला दोन आठवत होते. "एकही नाही," मी म्हणालो.

त्याला ते पटलं नाही. त्याचा चेहरा बघून शेजारच्यानं विडी पुढं केली. ती त्यानं कोपरानं बाजूला सारली, खिशातली गोळी पाण्याबरोबर गिळली आणि पाटीतला एकेक मासा नाकाला लावत बसला.