दुपारचा हुंकार

आधीच सांगून ठेवते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आमच्या कोपऱ्यावर अमावस्येला कुणीतरी उतारा ठेवायचं. कॉलेजात असताना त्यातला नारळ मी उचलून, फोडून खाल्लाय. काही झालं नाही... खवट होता एवढंच. तेव्हा "हिचं डोकं फिरलंय" असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणावं. वाद घालायचा मला आता कंटाळा आलाय. जे झालं ते लिहिते.

मी कोल्हापूरची. विद्यापीठाच्या बाजूला एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करते — लोकांचे प्रबंध, बायोडाटा, लग्नपत्रिका. उरलेल्या वेळात चौदा-पंधरा वर्षांच्या पोरापोरींसाठी कादंबरी लिहीत होते. नायिका पेठेतली, नववीतली, आणि तिला फुटबॉलची गोलकीपर व्हायचंय. ही कादंबरी दोनदा साभार परत आली. एक प्रकाशक म्हणाले, "हे लहान मुलांचंही नाही आणि मोठ्यांचंही नाही, ठेवायचं कुठल्या कपाटात?" दुसऱ्यांनी शेरा मारला की नायिका 'मी जातो, मी येतो' म्हणते, तर ती मुलगी आहे की मुलगा ते आधी ठरवा. अहो, कोल्हापुरात पोरी असंच बोलतात की! पण कुणाकुणाला सांगत बसायचं.

दिवसभर दुसऱ्यांचं टाइप करून बोटं दुखायची, त्यात रात्री वाचायला घेतलेलं पुस्तक तोंडावर पडून झोप लागायची. लायब्ररीतल्या बाई "तुमची मुदत कधीच टळलेली असते" म्हणून चिडवायच्या. शेवटी गेल्या वर्षी ठरवलं, दिवाळीपर्यंत शेवटचा खर्डा करायचा. जमला तर जमला, नाहीतर हा नाद कायमचा सोडायचा. आईला तसं सांगूनही टाकलं. ती म्हणाली, "सोड बाई. डोळ्याखाली बघ कसं काळं झालंय."

माझी एक पद्धत आहे. दुकानाचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणतात, दुपारी जेवायला घरी जातात आणि झोप काढूनच येतात. तेवढ्या वेळात मी शटर अर्धं ओढते, डबा खाते आणि लिहिलेलं प्रकरण मोठ्यानं वाचून मोबाईलवर रेकॉर्ड करते. मग घरी जाताना बसमध्ये इअरफोन लावून ऐकायचं, आणि जिथं कानाला टोचेल तिथं वाक्य बदलायचं.

गणपती होऊन गेले होते. एके दिवशी बसमध्ये ऐकत होते आणि परिच्छेद संपल्यावर मागून कुणीतरी म्हणालं — "हं."

पुरुषाचा आवाज. मागं वळून बघितलं तर एक बाई भाजीची पिशवी मांडीवर घेऊन पेंगत होत्या. रेकॉर्डिंग मागं घेतलं. पुन्हा त्याच जागी — "हं." पुढच्या परिच्छेदाला पुन्हा. गोष्ट ऐकणारा माणूस देतो तसा हुंकार.

तुम्ही म्हणाल पंखा असेल. मलाही तेच वाटलं. दुसऱ्या दिवशी पंखा बंद करून घामाघूम होत वाचलं. तरी हुंकार होताच. घरी गच्चीवर वाचलं, तिथंही होता. मग गंमत म्हणून एका गिऱ्हाइकाचा जमिनीच्या पोतावरचा प्रबंध वाचून रेकॉर्ड केला, तर त्यात काहीच नाही! प्रबंधाला भूतसुद्धा हुंकार देत नाही म्हणायचं. आणि वाचताना मला स्वतःला कधीच काही ऐकू यायचं नाही. जे काही होतं ते रेकॉर्डिंगमध्येच.

मला भास होतोय का म्हणून काकांना ऐकवलं. कानाला मोबाईल लावून ते म्हणाले, "कोण गं हे? दुपारी कोण येऊन बसतंय दुकानात?"

"कुणी न्हाय काका."

"मग ॲप बिघडलं असंल. डिलीट मार आणि दुसरं घे." असं म्हणून ते झेरॉक्सला कागद भरायला गेले. दुसरं ॲप घेतलं. त्यातही तेच.

खरं सांगू? भीती अशी वाटलीच नाही. कुणीतरी ऐकतंय एवढंच वाटायचं, आणि तेवढ्यानं बरं वाटायचं. मी जिथं उपदेश करायला लागायची तिथं हुंकार गायब व्हायचा. असली पानंच्या पानं मी काढून टाकली.

मग ते उसाच्या ट्रॉलीचं प्रकरण आलं. नायिका मॅच खेळायला घरातून पळते आणि उसाच्या ट्रॉलीत लपून बसते. बसमध्ये ऐकत होते. ट्रॉली निघाली, असं वाक्य संपलं, आणि तो आवाज म्हणाला, "हं... बऽरं." त्यातला 'ब' ओढलेला, शेवटाला नाकातून बारीक शीळ. बस शेवटच्या थांब्यावर जाऊन कंडक्टरनं "ओ ताई, उतरायचं न्हाय का?" म्हणेपर्यंत मी बसूनच होते.

तो दिनूमामा होता.

दिनूमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, मुरगूडचा. उसाचा हंगाम लागला की तो कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचा आणि आमच्याकडंच मुक्काम करायचा. रात्रभर ऊस ओढून सकाळी यायचा, जेवायचा आणि बाहेरच्या सोप्यात चटई टाकून आडवा व्हायचा. मी तेव्हा तिसरीत होते. सकाळची शाळा सुटली की त्याच्या उशाशी बसून मनानं रचलेल्या गोष्टी सांगायची. तो डोळे मिटून हुंकार द्यायचा. लहानपणी कबड्डीत नाक मोडलेलं, त्यामुळं ती शीळ. हुंकार थांबला की समजायचं, मामा झोपला. मग मी गोष्ट तिथंच ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तिथून पुढं.

आई ओरडायची, "दिवसा गोष्टी सांगू नये गं, मामा वाट चुकतो!" आमच्याकडं म्हणतातच तसं. दिनूमामा हसायचा. "आक्का, फड आणि कारखाना, एकच रस्ता हाय. चुकायचं म्हटलं तरी चुकणार न्हाय मी."

त्याच हंगामात तो नाहीसा झाला. भरलेल्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टर कारखान्याच्या आवारात रांगेत उभा, किल्ली तशीच लावलेली, आणि माणूस नाही. पोलिसात तक्रार झाली, विहिरी बघितल्या, देवऋषी झाले. काही कळलं नाही. मोठेपणी आईची ती म्हण आठवली, माझ्याच गोष्टींमुळं तर नाही ना असं वाटून गेलं, आणि मी ती कुठंतरी मनाच्या तळाशी ढकलून दिली होती.

आईनं मात्र तो नाही असं कधी मानलं नाही. "यील. कुठंबी असंल तिथनं यील." भाऊबीजेला ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. दरवर्षी कुणीतरी शेजारीण सुचवायची, आणि आई फाडकन म्हणायची, "मला भाऊ हाय!" पाट मांडायची, तबक तयार करायची आणि दिवेलागणी होऊन गेली तरी दाराकडं बघत बसायची. नंतर ते तबक मी उचलायची.

आता सांगा, असल्या बाईला मी ते रेकॉर्डिंग कसं ऐकवू? तो आवाज मामाचा असेल तर त्याचा अर्थ काय होतो, हे मला कळत होतं. आणि नाही ऐकवलं तर त्याच्या सख्ख्या बहिणीपासून मी तो लपवून ठेवणार. दुपारचा डबा तसाच परत यायला लागला. कादंबरी सोडून द्यावी, मोबाईल पंचगंगेत टाकावा, असंही वाटलं.

शेवटी एका रविवारी दुपारी आई तांदूळ निवडत बसली होती, तिच्यापुढं मोबाईल ठेवला. "माझी गोष्ट ऐक जरा" एवढंच म्हटलं. ती निवडत निवडत ऐकत होती. "हं... बऽरं" आलं आणि तिचा हात सुपातच थांबला.

"परत लाव."

परत लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. ती रडेल, मला मारेल, काहीतरी होईल म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते. ती खालच्या आवाजात म्हणाली, "किती दमलाय गं त्यो."

मग विचारलं, "दिवसाच वाचत्यास न्हवं?"

"व्हय."

"मग दिवसाच वाच. वाट घावली असंल तर पुन्हा चुकायला नको."

शेवटचं प्रकरण मी दिवाळीच्या आधल्या रविवारी घरीच वाचलं. आईनं सोप्यात चटई टाकली, वर धुतलेल्या अभ्र्याची उशी ठेवली. मी त्या उशीशी बसून वाचलं, ती दाराला टेकून बसली. वाचताना नेहमीप्रमाणं काही ऐकू आलं नाही. वाचून झाल्यावर आम्ही दोघींनी इअरफोनचं एकेक टोक कानात घातलं.

सुरुवातीला हुंकार भरभरून होते. मॅच सुरू झाली तेव्हा एकदा "बऽरं" पण आलं. मग ते विरळ होत गेले. एक आला तो अगदी लांबून, अर्धवट. आणि पुढं नुसता माझा आवाज. पोरगी पेनल्टीला उभी आहे, अजून पानं शिल्लक आहेत...

आईनं हात पुढं करून मोबाईल बंद केला.

"झोपला," ती म्हणाली.

"अगं, शेवट राहिलाय."

"राहू दे. माणूस झोपल्यावर कुणी गोष्ट सांगतं व्हय?" असं म्हणत तिनं कपाटातली चादर आणली आणि रिकाम्या चटईवर नीट पसरली. मग मात्र मी मोठ्यानं रडले. आई नाही रडली.

भाऊबीजेला तिनं पाट मांडला नाही. सूर्य बुडाल्यावर तबक घेऊन ती एकटीच गच्चीवर गेली. मी जिन्यात उभी राहून बघितलं. पश्चिमेला बारीक कोर होती, तिला आईनं ओवाळलं. खाली आल्यावर म्हणाली, "चल, जेवायला वाढते." आणि तबक तिनं स्वतःच विसळून ठेवलं.

हे काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. ॲप, पंखा, माझं मन, काय वाट्टेल ते म्हणा. कादंबरी मी तिसऱ्या प्रकाशकाकडं पाठवली, अजून उत्तर नाही. नाद काही सुटला नाही माझा. नवीन गोष्ट सुरू केलीय, दुपारी शटर अर्धं ओढून वाचते. आता रेकॉर्डिंग अगदी स्वच्छ येतं. परिच्छेद संपला की मी जरा थांबते, मग पुढं वाचते.