गिळलेला हिरवा दाणा

"एकानं दुसऱ्याला गिळलं, पण पचवलं नाही, झाड तिथून सुरू झालं," असं अभिमन मास्तर एकदा सासऱ्याच्या ओसरीवर म्हणाला.

असोद्याच्या चुडामण पाटलाला मुलगा नव्हता. केळीची बाग होती आणि इंदिरा नावाची एक मुलगी होती. त्यानं फैजपूरकडचा एक पोरका, हुशार पोरगा पाहिला, बाजारात गोऱ्हा पाहतात तसा पाहिला, पुण्याला शिकवून आणला आणि इंदिराशी लग्न लावून घरच्याच दावणीला बांधला. अभिमन सायकलवरून जळगावच्या शाळेत शिकवायला जाई, पगार सासऱ्याच्या हातात ठेवी आणि ताटात पडेल ते खाई. दुसऱ्यांदा भाजी मागणं त्याला इतक्या वर्षांत जमलं नाही.

त्याचं स्वतःचं म्हणावं असं घरात थोडंच होतं. पुण्याहून आणलेला जुना सूक्ष्मदर्शक आणि खिडकीतल्या काचेच्या बरण्या. विहिरीच्या पायरीवरचं, म्हशींच्या हौदातलं, बागेच्या पाटातलं शेवाळ. गावाला ती घाण होती. अभिमनला तिच्यात लांब दोरे दिसत, काचेच्या होड्या दिसत, शेपूट हलवत फिरणारे हिरवे थेंब दिसत. निळसर शेवाळाची पेशी आतून रिकाम्या खोलीसारखी. हिरव्याच्या पेशीत मात्र संसार मांडलेला, मधे गोल केंद्र, भोवती हिरवे दाणे. सुरुवातीला इंदिराही डोळा लावून बघे. "अगं माय, हे तं चालतं!" म्हणे. पुढं शेजारच्या बायका हसायला लागल्या. तिनं बघणं सोडलं.

१९३१च्या उन्हाळ्यात धुळ्याच्या एका शाळेनं त्याला बोलावलं. राहायला दोन खोल्या मिळणार होत्या. इंदिराला घेऊन जायचं, एवढं एकच त्याच्या मनात होतं. तिच्यावाचून तो तिथं काय करणार, हे सासऱ्यालाही ठाऊक होतं. चुडामणनं ओसरीवर माणसं जमवली.

"जवाईबुवा चालले धुय्याले," तो म्हणाला. "जायच्या आंधी तुमच्या शेवायाचा तमाशा तं दाखवा."

अभिमननं थेंब काचेवर घेतला. शिकवायला लागला की त्याला अपमान कळत नसे.

"रशियातल्या एका विद्वानाचं म्हणणं आहे, मामा. लोक त्याला हसतात. हे हिरवे दाणे म्हणे पूर्वी मोकळे होते, या निळसर शेवाळासारखे. एका मोठ्या भुकेल्या पेशीनं ते गिळले. पचवले नाहीत, ठेवून घेतले. आता दाणा उन्हात अन्न करतो आणि ती खाते."

"आन दाना काय खातो?"

"उरेल ते."

चुडामणचा चुलतभाऊ चिंधा मांडीवर थाप मारून ओरडला, "दादा, याले तं आपल्यात घरजवाई म्हन्तेत!"

ओसरी हसली. अभिमनही हसला.

"इंदे, भाईर ये," चुडामण म्हणाला. "जाशीन का यायच्यासंगं?"

इंदिरा दारात आली. तिनं बापाकडं पाहिलं नाही, नवऱ्याकडंही नाही.

"तो दाना भाईर काढला तं जगतो का?" तिनं विचारलं.

इथं खोटं बोलायला हवं होतं. एक होकार पुरला असता. पण प्रश्न शेवाळाचा होता आणि शेवाळाबद्दल अभिमनला खोटं बोलता येत नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "थोडा वेळ हिरवा राहतो. मग मरतो."

"मंग मले कायले नेतात?"

आता माणसं खोकला येईतो हसली. चुडामण तेवढा हसला नाही. "पोरीनं बरं इचारलं," तो मऊ आवाजात म्हणाला. "ती काही येत नाही. तुमी तरी कुठं जाता, जवाईबुवा? बसा. अवं भागाबाई, खिडकी साफ करा, वास मारते."

भागाबाईनं, अभिमनच्या सासूनं, बरण्या एकेक करून मोरीत पालथ्या केल्या. मागच्या फळीवरची बरणी तिच्या हाताला पोचेना. ती इंदिरानं काढून दिली.

अभिमन उठला. सायकल सासऱ्याची होती. तिला त्यानं हात लावला नाही. सूक्ष्मदर्शक ओसरीवर तसाच राहिला. त्यानं वहाणा घातल्या.

"जेवायच्या वख्ताले येतीन," चिंधा म्हणाला.

अभिमन ओसरी उतरला आणि बाहेर पडला.