रपोट आणि रापोर्ट

“रपोट वायट इलो आणि माका कोणी सांगूक नाय!”

आई ओरडत स्वयंपाकघरातून बाहेर आली. त्या आवाजाने देवनारच्या घारी उडाल्या आणि सांताक्रूझला उतरणारं विमान पुन्हा वर गेलं, असं आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगीत अजून मानतात. मीच पसरवलंय.

बाबांच्या मानेवरची गाठ तपासायला दिली होती. निकाल त्या दिवशी यायचा होता. सकाळपासून आई एका जागी बसली नव्हती. डाळीत मीठ तर इतकं पडलं होतं, की गोराईच्या कोळणींनी त्यात सुरमई खारवली असती.

आणि मी आत लॅपटॉपवर माझ्या एस्टोनियातल्या साहेबांशी बोलत होतो. त्यांच्याकडे आठवड्याच्या कामाचा अहवाल म्हणजे ‘आरुआन्ने’. ‘रापोर्ट’ म्हणजे शिपायाने टाचा जुळवून वरिष्ठाला द्यावा तसला, कडक इस्त्रीचा. भाव खायला मी अहवालावर मोठ्या अक्षरांत ‘रापोर्ट’ लिहिलं होतं. साहेब म्हणाले, शब्द चुकलाय, तू काय सैन्यात आहेस? मी मान डोलावत मोठ्याने म्हणालो, “येस सर, रापोर्ट बॅड. व्हेरी बॅड.”

तेवढंच आईने ऐकलं.

“अगं, तो ऑफिसचा. शब्द वाईट आहे, रिपोर्ट नाही.”

“शब्द कसलो वायट? शिवी दिलंस काय तेंका?”

“एस्टोनियन शब्द आहे, आई.”

“मगे ते मेले रपोटाक रपोट कित्याक म्हणतत?”

गॅलरीतून बाबा म्हणाले, “मी हंयच आसंय. जरा हळू बोला.”

तेवढ्यात माझा फोन वाजला. लॅबचा मेसेज. उघडायच्या घाईत आधी कॅलक्युलेटरच उघडला. मग वाचलं. साधी चरबीची गाठ. कॅन्सर नाही.

आई होती तिथेच फरशीवर बसली आणि रडता रडता हसायला लागली. आम्ही सगळ्यांनी एकदम सोडलेल्या श्वासाने पडदे गॅलरीबाहेर गेले. बाबांनी मानेवरून हात फिरवला आणि सकाळपासून पहिल्यांदा पेपराचं पान उलटलं.

स्क्रीनवर साहेब तसेच बसून होते, पापणीही न हलवता. मी डोळे पुसत त्यांना इंग्रजीत सगळं सांगितलं, की वडिलांचा रिपोर्ट आला, एकदम चांगला आला.

त्यांनी समोरचा स्वतःचा फोन उचलून पाहिला आणि परत ठेवला.

“छान,” ते म्हणाले. “माझा लॅबमधून अजून आला नाही.”