अक्कांची पाळी
भर युक्तिवादात अक्का थांबायच्या, अंगातला काळा कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकायच्या आणि पदराने मान पुसत पुढचं वाक्य उचलायच्या. धारवाडच्या कोर्टात हे दृश्य तुमच्यापैकी कुणी पाहिलं असेल, तर तेव्हाचा न्यायाधीशांचा चेहराही पाहिला असेल. कोट का काढला, असं एकदा त्यांनी विचारलंच. "साहेब, हे वयाचं उकडणं आहे. पंखा वाढवा, कोट घालते," अक्कांनी ठणकावलं. पंखा वाढला.

"आता आराम करा की अक्का," बाररूममध्ये एक वकील म्हणाले.

"गेली ती महिन्याची पाळी. बोलायची पाळी अजून माझीच आहे. सुम्म कूडरी!"

गप्प बसा, हे त्या नेहमी कन्नडमध्येच सांगायच्या. मराठीत ते फार मऊ होतं म्हणे.

मी त्यांची ज्युनियर. थट्टेखालचं मला दिसत होतं. अंगातून गरम वाफा निघायच्या, झोप उडालेली. एका विधवेच्या वाटणीच्या दाव्यात बोलता बोलता त्यांना 'वारस' हाच शब्द आठवेना. मी मागून कुजबुजले. बाहेर येऊन त्या भिंतीला टेकल्या. "कामातून गेले ग मी," म्हणाल्या आणि रडल्या. बोलणं गेलं तर या बाईकडे उरणार काय, या विचाराने मीच डॉक्टरांची वेळ घेतली.

मग आम्ही हुबळीला, केशवापुरातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी दोन हार्मोन्सच्या गोळ्या सुचवल्या आणि अक्कांनी उलटतपासणीच सुरू केली.

"दोन दोन हार्मोन्स कशाला? एकाने भागत नाही?"

"वाफा इस्ट्रोजेनने थांबतील. पण तुमचं गर्भाशय आहे. नुसत्या इस्ट्रोजेनने त्याचं अस्तर वाढत जातं, पुढे कॅन्सरही होऊ शकतो. म्हणून जोडीला प्रोजेस्टोजेन."

"आणि दोघं मिळून काय घोळ घालतील?"

"रक्तात गुठळी होऊ शकते. वर्षानुवर्षं घेतलं तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो. घरात कुणाला होता?"

कुणाला नव्हता. रक्तदाब, तपासण्या, सगळं झालं. "घेते," अक्का म्हणाल्या. "धोका मला कळला. न घेण्याचा धोका तर रोज भोगतेच आहे."

घरी त्यांचे थोरले भाऊ, अण्णा, भडकले. "असल्या गोळ्या या वयात? बाईच्या जातीने सोसायचं असतं. आई सोसत नव्हती?"

"आईला कुणी विचारलं होतं, अण्णा?"

काही आठवड्यांत अक्का झोपायला लागल्या. शब्द परतले, आवाज परतला. त्या विधवेला तिचा वाटा मिळवून दिला, आणि पुढची काही वर्षं समोरच्या वकिलांना सळो की पळो केलं. दरवर्षी तपासणीला मात्र न चुकता जायच्या.

मग कोर्टाच्या पायरीवर घसरल्या. घोट्याला प्लास्टर लागलं. पडून राहिल्याने गुठळीची भीती वाढते, म्हणून डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लगेच बंद केल्या. तरी एका सकाळी अक्कांना धाप लागली. गुठळी फुप्फुसात गेली होती. अक्का गेल्या.

गोळ्यांनी झालं का, मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. "बहुधा प्लास्टरमुळे. पण छातीठोक सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. मला उत्तराचा राग आला, पण ते प्रामाणिक होतं.

बाररूममधल्या शोकसभेला अण्णा आले. "गोळ्यांनी खाल्लं तिला," ते येईल त्याला सांगत होते, आणि माना डोलत होत्या. शोकप्रस्ताव वाचायचं काम माझ्याकडे. कन्नडमधला तो मजकूर ठराविक साच्याचा. तिसऱ्या ओळीत शब्द आला, 'सहनशील'. कन्नडमध्ये तोच, मराठीतही तोच. मी थांबले.

"हा शब्द काढायला हवा," मी म्हणाले.

"चांगला शब्द आहे की री," अध्यक्ष म्हणाले.

"चांगला आहे. पण अक्कांचा नाही. सोसायचं नाही, असं ठरवूनच त्यांनी गोळी घेतली होती. धोका विचारून घेतला, समजून घेतला. अण्णा, त्यांना कुणी फसवलं नव्हतं."

मी पेन काढून शब्द खोडला आणि पुढे वाचायला लागले. अण्णा मधेच उठून निघून गेले. मी थांबले नाही.