माझं पोट, ताईचे खडे

आमचं घर बौद्ध. करणी, बाहेरची बाधा, अंगात येणं... असलं काही कानावर आलं तर घरात हसण्यावारी जायचं. मीही त्यातलाच. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

मी मूळचा वर्ध्याचा, नोकरीमुळे पुण्यात धनकवडीला राहतो. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मंडईत भाजी घेताना उजव्या बरगडीखाली अशी कळ आली, की पिशवी टाकून खालीच बसलो. कळ थेट पाठीत जात होती. हार्ट अटॅक असेल म्हणून बायको, सुषमा, रिक्षा करून हॉस्पिटलला घेऊन गेली. ईसीजी नॉर्मल. लक्षणं पित्ताशयातल्या खड्यांची, म्हणून सोनोग्राफी केली — तीही स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, "पित्ताशय पुस्तकात छापण्यासारखं आहे तुमचं. मिसळ कमी करा."

मिसळ बंद केली. कळा येतच राहिल्या.

मग एका दुपारी जेवताना फारच जोरात दुखलं. पुढचं मला आठवत नाही. सुषमा सांगते, मी भिंतीला टेकून डोळे मिटले आणि म्हणालो, "बाईले फोन लाव." मी जरा सावरल्यावर तिनं विचारलं, बाई कोण? वर्ध्याच्या माझ्या मोठ्या बहिणीला, ताईला, 'बाई' म्हणायचे ते फक्त आमचे वडील. ते आमच्या लग्नाआधीच गेले. सुषमानं त्यांना पाहिलेलंही नाही.

लगेच फोन लावला. ताई म्हणाली, सगळं ठीक आहे. मी विचारलं, "बरगडीखाली दुखतंय का? पाठीत जातं?"

ती हळूच म्हणाली, "तुले कोनं सांगतलं? मी तं घरात कोनालेच नाही बोलली."

मुलीचं लग्न तोंडावर आलेलं, म्हणून ती गोळ्या खाऊन दुखणं दाबत होती. भाऊजींनी त्याच दिवशी तिला नागपूरला नेलं. पित्ताशय खड्यांनी भरलेलं, आत पू झालेला. आणखी उशीर झाला असता तर फुटलं असतं, असं सर्जन म्हणाले. ऑपरेशन झालं. लेकीच्या लग्नात ताई खुर्चीत बसून का होईना, हजर होती. आणि माझं पोट त्यानंतर पुन्हा दुखलं नाही.

डॉक्टर म्हणतात, योगायोग. असेलही. 'बाई' हे नावही माझ्याच डोक्यात कुठेतरी असणार.

नंतर ताई आराम करायला आमच्याकडे आली, तेव्हा मी तिला त्या दुपारचं सगळं सांगितलं. तिनं मला नाही, सुषमाला विचारलं, "आवाज कसा होता?"

सुषमा मोजकंच बोलते. म्हणाली, "ह्यांचा नव्हता, ताई."

ताईनं पुढे काही विचारलं नाही. मीही विचारलेलं नाही... अजून तरी.