स्वच्छ खाडीचा डाव

सुरतच्या आमच्या मराठी शाळेत मी सातवीसाठी प्रदूषणावर पटावरचा एक खेळ बनवला. फासा टाकायचा, कापड रंगवणाऱ्या डाइंग मिल बंद पाडून त्यांचं रंगीत पाणी अडवायचं आणि खाडी स्वच्छ झाली की जिंकायचं. मिलमालकांवरचा सगळा राग मी त्यात ओतला होता.

वर्गातल्या बहुतेकांचे वडील खानदेशातून येऊन अशाच मिलमध्ये कामाला लागलेले. एका मुलीने डावात खाडी स्वच्छ केली. मी जोरात टाळ्या वाजवल्या. बाकी कोणीच वाजवल्या नाहीत.

"मॅडम, आमची खाडी फक्त दिवाळीत स्वच्छ दिसते," ती म्हणाली. "तेव्हा मिल बंद असते आणि पप्पांचा पगारही. तुमच्या खेळात मिल परत कधी चालू होते?"

माझा पट स्वच्छ खाडीपाशीच संपत होता.