पान्याशेजारचा पेन ड्राइव्ह

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मी ऑफिस सांभाळतो. त्या दिवशी माग दुरुस्त करायला मोहोळहून एक माणूस आला होता. नाव विचारायचं राहूनच गेलं. ग्रीसने काळे झालेले हात, कानावर पेन्सिल, आणि किल्ल्यांच्या जुडग्यात छोट्या पान्याशेजारी एक पेन ड्राइव्ह.

माझा कॉम्प्युटर सकाळपासून सुरूच होत नव्हता. टॉवेलांची सगळी डिझाइनं त्यात अडकलेली. कॉम्प्युटरचा दुकानदार फोनवरच म्हणाला, "भंगारात काढा." त्याचं काय, त्याला नवा विकायचा होता!

"मी बगू का जरा?" त्या माणसाने विचारलं. मागवाल्याला यातलं काय कळणार, असं मला वाटलं. त्याने हात चिंधीला पुसले आणि पेन ड्राइव्ह लावला. चहा निवायच्या आत पडदा उजळला. सगळी डिझाइनं जागच्या जागी! मी खुर्चीतून उठून ओरडलोच.

"लिनक्स हाय हे, कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर. फुकट. कुणीबी आत उघडून बगावं, बिघडलं तर सुधरावं."

"पण एवढं फुकट करतं कोण?"

त्याने मागांच्या रांगेकडे बोट दाखवलं. "तितं धागा तुटला की जाणारा-येणारा जोडतो. माग कुणाचा, इचारतो व्हय?"

जाताना पेन ड्राइव्ह मलाच दिला. "ठेवा की. माज्याकडं दुसरा हाय."

परवा शेजारच्या कारखान्यातला कॉम्प्युटर बंद पडला. कुणी बोलावलं नव्हतं, तरी गेलो. चालू करून दाखवला तेव्हा अख्खा कारखाना बघायला जमला होता. पेन ड्राइव्ह तिथेच दिला. म्हटलं, "ठेवा, माझ्याकडे दुसरा आहे."

नव्हता. बहुधा त्याच्याकडेही नव्हता.